मालावरील छाप आणि तिची राखण
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात यवतमाळ येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी व्यापारचिन्हाच्या नोंदणीवर चार शब्द बोलावे असे आम्हांस कळविले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. आम्ही मॅट्रिक झालेले. जिल्हा परिषदेच्या शाळांतून जन्मभर मराठी आणि अंकगणित शिकविले. कायद्याची पदवी आमच्यापाशी नाही. परंतु गेली काही वर्षे आमच्या घरातच या विषयाचा अभ्यास, कोणाची इच्छा नसताना, घडून आला आहे, हे चिटणीसांना ठाऊक होते. त्या अभ्यासासाठी जी फी भरावी लागली तीही लहान नव्हती. तेव्हा आमच्या घरचीच हकीकत सांगावी आणि तिच्या ओघात कायद्याच्या गोष्टी याव्या, असे आम्ही ठरविले आहे.

व्यापारचिन्ह हा शब्द जड वाटतो. परंतु वस्तू आपल्या ओळखीची आहे. बाजारात तिला मार्का म्हणतात, छाप म्हणतात. आपल्या जिल्ह्यास तिचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रत्येक प्रेसला १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंगच्या कायद्याने स्वतःची खूण ठरवून दिलेली असे आणि ती खूण व क्रमांक गाठीवर घालावा लागे. गाठ फोडल्यावर आत ओला किंवा भेसळीचा कापूस निघाला, तर तो कोणत्या प्रेसमधून आला हे दूरच्या व्यापाऱ्यासही कळावे, हा त्यातील हेतू. ती खूण सरकारने दिलेली. व्यापारचिन्ह आपले आपण निवडावयाचे. काम मात्र दोहोंचे सारखेच. माल कोणाच्या हातचा आहे, हे ती मुकेपणाने सांगते.

आमच्या वडिलांचा दारव्ह्यास तेलाचा घाणा होता. जवसाचे आणि भुईमुगाचे तेल ते काढीत. १९६२ साली त्यांनी यवतमाळच्या एका छापखान्यातून पिवळ्या रंगाची लेबले छापून घेतली. त्यांवर दोन पेटत्या पणत्यांचे चित्र होते. नाव असे काही ठेवलेच नव्हते. आठवडी बाजाराला येणाऱ्या बायाबापड्यांना लेबल वाचता येत नसे, त्या येऊन म्हणत, "दोन पणत्यांचं तेल द्या." पुढे थोरल्या बंधूंनी घाणा हाती घेतला तेव्हाही लेबल तेच राहिले. डब्याचा आकार बदलला, पिवळा रंग आणि पणत्या बदलल्या नाहीत. त्या चित्राची नोंदणी करावी, हे वडिलांच्या मनात कधी आले नाही. वास्तविक १९४० चा व्यापारचिन्हांचा कायदा १९४२ पासून अमलात होता आणि १९५८ चा नवा कायदा नुकताच १९५९ च्या नोव्हेंबरात लागू झाला होता. परंतु दारव्ह्यापर्यंत त्याची वार्ता कोण आणणार?

१९९४ साली शेजारच्या तालुक्यातील एका व्यापाऱ्याने तशाच पिवळ्या लेबलावर तीन पणत्या छापून तेल विकावयास आरंभ केला. त्याचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. तेल सरकी मिसळलेले होते. आम्हांस ते कळले कसे, तर एका बाजाराच्या दिवशी एक वृद्ध बाई डबा घेऊन बंधूंच्या दुकानात आल्या आणि चारचौघांत म्हणाल्या, "तुमच्या बापानं असं तेल कधी दिलं नव्हतं." बंधूंनी डबा उलटसुलट करून पाहिला आणि तीन पणत्या दाखविल्या. बाई म्हणाल्या, "पणत्या मोजून कोण तेल घेतं, बाबा?"

सज्जनहो, व्यापारचिन्हांच्या कायद्याचे सार त्या बाईंच्या एका वाक्यात आले होते, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा एक निकाल या विषयावर आजही प्रमाण मानला जातो. लाहोरची अमृतधारा ही औषधी आपल्यापैकी वृद्धांनी घरात पाहिली असेल. उत्तर प्रदेशातील एका गृहस्थांनी १९२३ पासून चालविलेल्या आपल्या औषधाचे लक्ष्मणधारा हे नाव नोंदवून मागितले. अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली. उच्च न्यायालयाचे म्हणणे असे पडले की एक अमृताची धारा आणि दुसरी लक्ष्मणाची, अर्थ निराळे आहेत. सर्वोच्च न्यायालयास ते पटले नाही. सामान्य गिऱ्हाईक शब्द फोडून त्याची व्युत्पत्ती पाहत नाही. त्याला आठवते ते अंधुक, आणि त्या अंधुक आठवणीवरच ते वस्तू मागते, असे न्यायालयाने सांगितले. आम्ही पस्तीस वर्षे वर्गात मुलांकडून समास सोडवून घेतले. दुकानात कोणी समास सोडवीत नाही, हे न्यायमूर्तींनी आमच्याआधी ओळखले होते!

पुढे १९७२ मध्ये मुंबईच्या पार्ले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनाचा वाद त्याच न्यायालयापुढे आला. एका वेष्टनावर मुलगी, गाय आणि कोंबड्या. म्हैसूरच्या प्रतिस्पर्ध्याच्या वेष्टनावर गवताचा भारा घेतलेली मुलगी, गाय आणि कोंबड्या. खालच्या न्यायालयांनी दोन्ही वेष्टने निराळी ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दोन वेष्टने शेजारी ठेवून फरक मोजणे ही रीतच चुकीची. एकूण ठसा सारखा पडतो की नाही ते पाहावे. पार्लेचा दावा मान्य झाला. दोन पणत्या आणि तीन पणत्या यांचेही असेच आहे.

आता बंधूंनी काय केले ते ऐकावे. त्यांनी काहीच केले नाही. "देव बघून घेईल," असे म्हणून ते तीन वर्षे स्वस्थ बसले. आम्हीही त्यांस फारसे बोललो नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. तालुक्यातालुक्यांत नातीगोती, कोर्टकचेरी कशाला, असेच आम्हांसही वाटत होते. कायद्याला हे स्वस्थ बसणे मानवत नाही. अमृतधारेच्या खटल्यातच पाहा. नावे सारखी आहेत असे ठरूनही उत्तर प्रदेशापुरती लक्ष्मणधारेची नोंदणी कायम राहिली. कारण तेथे तो माल वर्षानुवर्षे उघडपणे विकला जात असता अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली नव्हती. आजच्या १९९९ च्या कायद्यातही, दुसऱ्याने नोंदविलेल्या चिन्हाचा वापर समजूनउमजून सतत पाच वर्षे चालू दिला, तर नंतर तक्रारीचा हक्क सामान्यतः उरत नाही.

१९९७ साली बंधू अखेर यवतमाळच्या एका वकिलांकडे गेले. वकिलांनी सांगितले की चिन्ह नोंदलेले नसले तरी सर्व काही संपत नाही. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविणे हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध दावा करता येतो. परंतु अशा दाव्यात चिन्ह आपण केव्हापासून वापरतो, लोक त्यास आपले म्हणून ओळखतात, आणि समोरच्याच्या लबाडीने आपले नुकसान होते, हे सर्व आपणच शाबीत करावयाचे. नोंदणी असती तर प्रमाणपत्र पुढे ठेवताच अर्धे काम झाले असते. वकिलांनी विचारले, "पणत्या केव्हापासून आहेत? कागद काय आहे?"

कागद म्हणून घरात काही नव्हते. जुनी बिले वाळवीने खाल्ली होती. छापखाना बंद पडला होता. सारे घर पालथे घातल्यावर वहिनींच्या पेटीतून, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात, आपल्या या मंडळाची १९७१ ची स्मरणिका निघाली. शेवटच्या पानांत पाव पानाची जाहिरात होती: दोन पणत्यांचे चित्र, खाली वडिलांचे नाव आणि दारव्ह्याचा पत्ता. वडिलांनी ती व्यापार वाढावा म्हणून खचितच दिली नव्हती. वर्गणी मागावयास आलेल्यांना नाही कसे म्हणावे म्हणून दिली असावी. वकिलांनी ते पान पाहून चष्मा काढला आणि म्हणाले, "हे चालेल." छापील तारीख असलेले, दोघांच्या वादाशी संबंध नसलेल्या तिसऱ्याने प्रसिद्ध केलेले ते पान होते. त्याच्या बळावर नोटीस गेली. समोरच्याने काही महिन्यांत लेबल बदलले. दावा लावावा लागला नाही. पण त्या तीन वर्षांत आर्णी आणि दिग्रसकडच्या बाजारांतून आमचे तेल उठले होते, ते पुन्हा तेथे बसले नाही.

एवढे झाल्यावर तरी नोंदणी करावयाची! बंधूंनी तेव्हाही केली नाही. सुटलो, असे त्यांस वाटले.

नोंदणीची रीत तशी फार अवघड नाही. आधी चिन्ह नोंदण्याजोगे आहे की नाही ते पाहावे. शुद्ध, उत्तम, अस्सल, लाकडी घाण्याचे तेल, ही मालाची वर्णने झाली. ती सर्वांच्या कामाची आहेत, म्हणून एकट्याला ती सहसा मिळत नाहीत. गावाच्या नावाचेही तेच. १९५८ च्या कायद्यात तर गावाच्या नावाबरोबर आडनाव आणि जातीचे नाव यांनाही अशीच अडकाठी होती, ही गंमत या सभेपुढे सांगण्यासारखी आहे. देवाधर्माच्या नावांबद्दल आपल्या लोकांचा मोठा गैरसमज आहे. रामायण हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याच्या मालकीचे होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरविले. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव किंवा चित्र व्यापारासाठी वापरण्यास १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या कायद्याने मनाई आहे. तेव्हा मालाशी अर्थाने संबंध नसलेले, ऐकताच लक्षात राहणारे नाव किंवा चित्र निवडावे.

नंतर तसे चिन्ह कोणी आधीच घेतले आहे काय, हे नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. आमच्या नातवाने ते अर्ध्या तासात पाहिले. मालाचे चौतीस आणि सेवांचे अकरा असे पंचेचाळीस वर्ग आहेत. खाण्याचे तेल एकोणतिसाव्या वर्गात, मसाले तिसाव्यात, बियाणे एकतिसाव्यात, आणि खाणावळ त्रेचाळिसाव्यात पडते. ज्या वर्गासाठी अर्ज, मुख्यतः त्याच मालापुरते संरक्षण. आपल्या महाराष्ट्राचे कार्यालय मुंबईस आहे. परंतु अर्ज घरबसल्या संगणकावरून होतो. २०१७ च्या नियमांप्रमाणे एकट्या व्यक्तीस, लहान उद्योगास किंवा मान्यताप्राप्त नवउद्योगास दर वर्गास ४,५०० रुपये आणि इतरांस ९,००० रुपये फी आहे. कागदावर अर्ज केल्यास अनुक्रमे ५,००० आणि १०,०००. वकील सक्तीचा नाही. चिन्ह आधीपासून वापरात असेल तर ते केव्हापासून, हे प्रतिज्ञापत्रावर सांगून पुरावा जोडावा लागतो. येथे पुन्हा ती १९७१ ची स्मरणिका!

कार्यालय अर्ज तपासते आणि काही शंका असल्यास कळविते. तिचे उत्तर एका महिन्याच्या आत द्यावे लागते. पुष्कळ अर्ज येथेच मरतात. पत्र संगणकावर येऊन पडते आणि अर्जदार पोस्टमनची वाट पाहत राहतो. शंका फिटल्यावर चिन्ह कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होते, आणि त्यानंतर चार महिन्यांपर्यंत कोणासही हरकत घेता येते. ती न आल्यास प्रमाणपत्र मिळते. ते अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे चालते आणि पुढे दर दहा वर्षांनी फी भरून कितीही वेळा वाढविता येते. परंतु नोंदवून ठेवलेले चिन्ह सतत पाच वर्षांहून अधिक काळ वापरलेच नाही, तर दुसरा कोणी ते काढून टाकण्याची मागणी करू शकतो. वर्तुळातील आर हे अक्षर प्रमाणपत्र हाती आल्यावरच लावावे. त्याआधी लावणे दंडास पात्र आहे. टीएम ही अक्षरे मात्र कोणीही लावू शकतो.

एक गोष्ट निक्षून सांगतो. दुकानाचा परवाना, अन्नाचा परवाना, जीएसटीचा क्रमांक, उद्यमचे प्रमाणपत्र, यांपैकी कशानेही नावावर मालकी येत नाही. आपल्या समाजातील अनेक तरुण हे कागद चौकटीत लावून निश्चिंत बसलेले आम्ही पाहिले आहेत.

नोंदलेल्या चिन्हाची कोणी नक्कल केली तर जिल्हा न्यायालयात दावा करता येतो, आणि आपण राहतो किंवा धंदा करतो तेथेच, म्हणजे यवतमाळासच, तो लावण्याची सोय कायद्यात आहे. खोटे चिन्ह लावणे हा फौजदारी गुन्हाही आहे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. हे केवळ व्यापाऱ्यांचे भांडण आहे असे कोणी समजू नये. आपल्या जिल्ह्यात मृग लागला की घराघरांतून कपाशीचे बियाणे येते. नावाजलेल्या पिशवीसारखी दिसणारी खोटी पिशवी एखाद्याच्या पदरात पडली, तर तेलाप्रमाणे ती परत नेऊन चारचौघांत बोलताही येत नाही. पेरणी होऊन गेलेली असते.

उलट, नोंदणी म्हणजे सर्वस्व असेही नाही. पुण्यात बर्गर किंग या नावाचे एक उपाहारगृह १९९२ पासून चालल्याचे सांगतात. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयात दावा लावला. कंपनीने भारतात दुकान उघडले ते २०१४ मध्ये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायालयाने पुण्याचे उपाहारगृह आधीपासून नाव वापरते म्हणून दावा फेटाळला, आणि प्रकरण अपिलात वर गेले. आधीपासूनच्या प्रामाणिक वापरास कायदा मान देतो, एवढे त्यावरून दिसते. पण तेरा वर्षे कोर्टाची पायरी चढण्याचे बळ दारव्ह्याच्या घाण्यात असते काय, हा निराळा प्रश्न आहे.

आता आमच्या घरच्या हकीकतीचा उत्तरार्ध. तो सांगताना जड वाटते. पण पुतण्यांनी परवानगी दिली आहे.

२०११ मध्ये बंधू वारले. २०१४ मध्ये दोघा पुतण्यांची वाटणी झाली. वाटणीपत्र आम्हीच आमच्या हस्ताक्षरात लिहिले. घर, शेत, घाणा, वहिनींचे दागिने, ढेपेची वखार, एक जुनी मोटरसायकल, सर्व त्यात आले. पणत्या आल्या नाहीत! थोरला दारव्ह्यास राहिला, धाकट्याने यवतमाळास घाणा घातला, आणि दोघांनी तेच पिवळे लेबल लावले. लाकडी घाण्याच्या तेलाला शहरांतून पुन्हा मागणी आली होती. पाहता पाहता त्या पणत्यांना घाण्याहून अधिक किंमत आली. २०२१ मध्ये थोरल्याने एकट्याच्या नावे नोंदणीचा अर्ज केला. नियतकालिकात चिन्ह प्रसिद्ध होताच धाकट्याने हरकत दाखल केली. दोघांनीही पुरावा म्हणून एकच पान जोडले: १९७१ च्या स्मरणिकेतील आजोबांची जाहिरात.

त्या वर्षी दिवाळीत दोन घरांतून फराळाची ताटे गेली नाहीत. वहिनी तेव्हा हयात होत्या. त्या थोरल्याकडे राहत, आणि धाकट्याची मुले अंगणापर्यंत येऊन परत जात.

अशा वेळी नागपूरच्या हल्दीरामचे उदाहरण आम्ही दोघांपुढे ठेवले. ते घराणे मूळ बिकानेरचे. त्याची एक शाखा आपल्या नागपुरास नांदते. त्या घराण्यातील एक भागीदारी १९७४ मध्ये मोडली, तेव्हा पश्चिम बंगालपुरता नावाचा हक्क एका शाखेकडे आणि उर्वरित देशाचा दुसरीकडे, असे कागदावर ठरले होते. तरीसुद्धा दिल्लीत कोणी नाव लावावे यावरून १९९१ मध्ये दावा दाखल झाला आणि त्यातील केवळ एका प्राथमिक मुद्द्याचा, म्हणजे नोंदणी नसलेल्या भागीदारीस असा दावा करता येतो की नाही याचा, निकाल सर्वोच्च न्यायालयातून २००० साली आला. कागद असताना हे. येथे तर आमच्या हातचा कागदच अपुरा होता.

आम्ही प्रथम सुचविले की दोघांची नावे मालक म्हणून लावावी. वकिलांनी सांगितले, तसे होत नाही. दोघे जण चिन्ह एकमेकांपासून स्वतंत्रपणे वापरीत असतील, तर त्यांना संयुक्त मालक म्हणून नोंदता येत नाही. कारण छाप एक आणि माल दोन ठिकाणचा दोन तऱ्हेचा, म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूकच. हे ऐकून आम्हांस पिवळ्या डब्याच्या त्या बाई आठवल्या. शेवटी दोघांनी तेलापुरती एक भागीदारी केली. चिन्हावरील आपापला हक्क दोघांनी लेखी करार करून तिच्या स्वाधीन केला. दोन्ही घाण्यांवर बी एकाच ठिकाणचे येईल आणि तेल एकाच कसोटीस उतरेल, असे करारात लिहिले. कोणी बाहेर पडल्यास पणत्या कोणाकडे राहतील, तेही लिहिले. थोरल्याने अर्ज मागे घेतला, धाकट्याची हरकत आपोआप संपली, आणि भागीदारीच्या नावे नवा अर्ज गेला. करारावर सह्या झाल्या त्या वहिनींच्या खोलीत. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी लेबलावरील पणत्या बोटाने मोजल्या आणि मान हलविली. प्रमाणपत्र येईपर्यंत त्या राहिल्या नाहीत.

आता एक व्यवहाराची सूचना करून खाली बसतो. मंडळाच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात जुन्या स्मरणिका आहेत. मधले काही अंक गहाळ आहेत. आपल्या वडिलांनी किंवा आजोबांनी त्यांत जाहिरात दिली असण्याचा पुष्कळ संभव आहे. ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात यावे, किल्ली आमच्यापाशी असते. पान फाडून नेऊ नये. छायाप्रत काढून देण्यात येईल. आणि ज्यांच्या घरी गहाळ अंक असतील त्यांनी ते आणून द्यावे, अशी विनंती आहे.